विडी कामगार कल्याण उपकर

विडीच्या उत्पादनावर केंद्र सरकारने बसवलेला आणि विडी कामगारांच्या कल्याणासाठीच राखलेला कर. १९७६ साली संसदेने यासाठी दोन कायदे केले, एक उपकराचा आणि दुसरा कल्याण निधीचा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा उपकराचा कायदा रद्द झाला, निधीचा मात्र राहिला.

या कराचा अर्थ समजून घ्यायला सोलापूरच्या पूर्व भागासारखी दुसरी जागा नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. घरातला पुरुष मागावर आणि बाई विडीवर, अशी इथल्या संसाराची जुनी मांडणी आहे. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून घरी आणायचा. पाने भिजवायची, कात्रीने सारख्या मापाची कापायची, मांडीवर सूप घेऊन चिमूटभर तंबाखू पानात भरायची, वळायची, टोक दुमडून दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी शाखेत माल तपासला जातो. नापसंत ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात आणि त्यांची मजुरी बुडते. मजुरी ठरते हजारावर, आणि उपकरही हजारावरच होता. सुरुवातीला तो तंबाखूवर घेतला जाई, पुढे तयार विडीवर आला. दर हजार विड्यांमागे ५० पैशांहून कमी नाही आणि ५ रुपयांहून जास्त नाही, अशी मर्यादा कायद्याने घातली. रक्कम किरकोळ वाटते, पण एकेक बाई दिवसाला शेकड्यांनी विड्या वळते हे लक्षात घेतले की तिचा आवाका कळतो.

कर भरायचा कारखानदाराने. तो थेट कल्याण निधीत पडत नसे. आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीत, जमा होई आणि संसदेने विनियोगाला, म्हणजे त्या खर्चाला, मंजुरी दिल्यावर निधीकडे वळे. उपकर असल्याने त्यात राज्यांना वाटा नव्हता. खर्चाचे काम केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कल्याण संघटनेकडे होते, आजही आहे. दवाखाने, क्षयरोग व कर्करोगाच्या उपचारांना मदत, मुलांना शिष्यवृत्ती ही त्यातली मुख्य कामे; पूर्वी घरासाठी अनुदानही मिळे. दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बाईला दवाखाना मिळणे ही मेहेरबानी नव्हे, तिच्याच श्रमातून उभ्या राहिलेल्या पैशाची ती परतफेड आहे. पण लाभाची किल्ली म्हणजे विडी कामगाराचे ओळखपत्र. ज्या बाईची नोंद कुठेच नाही, तिने वळलेल्या विडीवर उपकर भरला गेला असला तरी लाभ तिच्यापर्यंत पोचत नाही. या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

घरांच्या बाबतीत सोलापूरने देशाला दाखवण्याजोगे काम केले. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि शहरालगत कुंभारी येथे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत झाली. केंद्र, राज्य आणि कामगार अशा तिघांनी पैशाचा भार उचलला. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे देण्यात आली. त्यानंतरचा रे नगर प्रकल्प ३०,००० घरांचा. त्यातली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुपूर्द झाली. हा प्रकल्प मात्र विडी निधीचा नाही, प्रधानमंत्री आवास योजनेचा आहे. त्यात विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार आणि कचरा वेचणारेही आहेत, आणि त्यातला सरकारी पैसा सर्वसाधारण करांतून आलेला आहे.

२०१७ मध्ये विडीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला. कर वाढला, पण त्यावरचे कामगाराचे नाव पुसले गेले. हा पैसा आता सरकारच्या एकूण महसुलात मिसळतो. शिष्यवृत्ती आणि दवाखाने बंद पडलेले नाहीत, पण त्यांचा खर्च श्रम मंत्रालयाच्या तरतुदीतून होतो. याला एक चांगली बाजूही आहे: विडीचा खप घटला म्हणून निधी आपोआप आटत नाही. तंबाखूचा खप कमी व्हावा हेही सरकारचेच धोरण असल्याने ही बाब क्षुल्लक नाही. पण हजारामागे ठरलेल्या पैशावर कामगाराला हक्क सांगता येत होता, तसा अर्थसंकल्पातल्या आकड्यावर सांगता येत नाही.

बांधकाम कामगारांचा उपकर मात्र टिकला. बांधकामाच्या खर्चाच्या १ टक्का रक्कम राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जाते. त्यामुळे पूर्व भागातल्या एकाच घरात गवंडीकाम करणाऱ्या मुलाच्या योजनांना स्वतःचा उपकर आहे, आणि विडी वळणाऱ्या आईच्या योजना दरवर्षीच्या तरतुदीवर चालतात.