कार्ब्युरेटरचे लिंकेज सोडवणे

जुन्या पेट्रोल मोटारीत पायातला एक्सलेटर आणि डॅशबोर्डवरचा चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी खेच) यांना कार्ब्युरेटरशी, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाशी, जोडणाऱ्या दांड्या, वायरी, लिव्हर, बॉल जॉइंट आणि स्प्रिंगा यांच्या जोडणीला लिंकेज म्हणतात. कार्ब्युरेटर साफ करायचा, स्पिंडलचा बुश बदलायचा किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट टाकायचे, तर आधी ही जोडणी सुटी करावी लागते. काम थोडक्या वेळाचे आहे, पण गाडीची रेस पुढे सरळ लागेल की अडकेल हे इथेच ठरते.

नाशिकमध्ये पद्मिनी, अॅम्बॅसेडर आणि विलीज पद्धतीच्या जीपगाड्या हौसेने सांभाळणारी घरे आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूप राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. अशा गाड्यांचे लिंकेज एका साच्याचे नसते. जीपमध्ये दांड्या आणि कोपऱ्यावर फिरणारा बेलक्रँक असतो, शिवाय हाताने रेस धरून ठेवायची वेगळी वायर असते आणि तीच सोडवायची राहून जाते. एसयू या ब्रिटिश बनावटीच्या कार्ब्युरेटरला हवा अडवणारी चोकची पाकळीच नसते. तिथे चोक ओढला की जेट (पेट्रोल येण्याची बारीक नळी) खाली सरकतो आणि पेट्रोल वाढते, त्यामुळे चोकचे लिंकेज कार्ब्युरेटरच्या बुडाशी शोधावे लागते. बऱ्याच कार्ब्युरेटरांत चोक आणि थ्रॉटल (एक्सलेटरने उघडणारी झडप) यांच्यामध्येही एक लहान दुवा असतो. चोक ओढल्यावर थ्रॉटल किंचित उघडून थंड इंजिनाची रेस वाढवणे हे त्याचे काम. मुंबईच्या गाडीत या दुव्याची फारशी आठवण होत नाही. निफाडकडे मात्र डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो, आणि दुवा उलटा बसला असेल तर सकाळी गाडी उठत नाही.

काम थंड इंजिनावरच करावे. प्रथम बॅटरीचे बॉडीला जोडलेले टोक काढतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते धन टोक असू शकते, म्हणून रंगावर न जाता वायर कुठे जाते ते पाहावे. एअर क्लीनर उतरला की सगळी जोडणी उघडी पडते. या घडीला पान्याआधी मोबाइल आणि पट्टी हातात घ्यावी. फोटो दोन-तीन बाजूंनी काढावेत, रिटर्न स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवली आहे ते टिपावे आणि दांडीची लांबी एका बॉलच्या मध्यापासून दुसऱ्या बॉलच्या मध्यापर्यंत मोजून लिहावी.

मग स्प्रिंग काढून ताण सोडवतात. चोकच्या वायरीचा क्लॅम्प-स्क्रू ढिला करून वायर सरळ मागे ओढतात. तिला मोड पडला तर ती पुढे कायम अडकते. बॉल जॉइंटची क्लिप किंवा कॉटर पिन काढून सॉकेट बॉलच्या सरळ रेषेत उचकटावे. ते तिरके पिळले तर थ्रॉटलचा स्पिंडल (झडप ज्यावर फिरते ती दांडी) वाकू शकतो. जाम झाला असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे, हातोडा लावू नये.

सर्वांत मोठी चूक होते ती दांडीच्या टोकांचे आटे सोडवण्यात. दांडी बॉलपाशी सुटते. तिची टोके फिरवली की मोजून ठरवलेली लांबी गेली, आणि अनेक दांड्यांच्या एका टोकाला डावे आटे असल्याने ती अंदाजाने परत मिळवणे कठीण. दोन एसयू असलेल्या गाडीतही मधल्या शाफ्टचे एका बाजूचे क्लॅम्प ढिले केले की पुरते. मात्र जोडल्यावर दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का, हे रबरी नळी कानाला लावून ऐकावे लागते.

लिंकेज सुटे असतानाच थ्रॉटलचा स्पिंडल बोटांनी हलवून पाहावा, इतकी सोयीची वेळ पुन्हा मिळत नाही. तो खडखडत असेल तर तिथून फाजील हवा शिरते आणि कितीही ट्यूनिंग केले तरी स्लो (एक्सलेटर न दाबता इंजिनाची संथ चाल) टिकत नाही. नवा पितळी बुश बसवण्यासाठी सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत लेथचे कसबी कारागीर सापडतात. सुटे भाग रॉकेलने धुऊन सांध्यांना पातळ मशीन तेल लावावे. ग्रीस नको, उन्हाळ्यातली धूळ त्याला चिकटून घट्ट लेप बनतो.

परत जोडताना दांडी ताठ बसवू नये. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, आणि जोडणीत किंचित ढिलाई नसेल तर त्या हलण्यानेच रेस वाढते. मग इंजिन बंद ठेवून एकाने एक्सलेटर तळापर्यंत दाबावा आणि दुसऱ्याने कार्ब्युरेटरच्या तोंडातून पाहावे. बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलची गोल पाकळी, पूर्ण उघडला पाहिजे आणि पाय काढताच स्प्रिंगेने खटकन बंद झाला पाहिजे. चोकही तसाच पाहावा. कसारा घाट उतरताना थ्रॉटल उघडा अडकला तर ब्रेकवर सगळा भार येतो, म्हणून ही तपासणी समाधान होईपर्यंत पुनःपुन्हा करावी. शेवटी इंजिन गरम करून स्लो लावतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथली हवा थोडी विरळ असते. मुंबईत ट्यून केलेली गाडी इथे किंचित जास्त पेट्रोल ओढते, म्हणून मिक्श्चरचा स्क्रू इथल्याच हवेत जुळवावा.