सज्ज्यातला पाठमोरा माणूस : भूपेन खक्कर यांच्या एका चित्राची पार्श्वभूमी

बाप, मुलगा आणि गाढव ही गोष्ट आपल्या सगळ्यांना लहानपणीच भेटलेली असते. मुलगा बसला तर लोकांना बापाची कणव, बाप बसला तर मुलाची, दोघं बसले तर गाढवाची. भूपेन खक्कर यांनी १९८१ मध्ये ही गोष्ट ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या तैलचित्रात घेतली आणि तिच्यात एक बघणारा वाढवला. सुमारे पावणेसहा फूट लांब-रुंद कॅनव्हासवर, सज्ज्यात, जवळजवळ खऱ्या माणसाएवढा एक पुरुष पाठमोरा उभा आहे. अंगावर कपडा नाही. खाली निळसर उजेडातल्या गावात बापलेकांची तीच जोडी वेगवेगळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा दिसते. सज्ज्यातला माणूस म्हणजे स्वतः खक्कर. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी चित्रातून उघड केलं ते इथं, असं मानलं जातं. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

एवढा उशीर का, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. खक्कर मुंबईचे, जन्म १९३४ चा, गुजराती मध्यमवर्गीय घर. शिक्षणानं सनदी लेखापाल. चित्रकार गुलाम मोहम्मद शेख यांच्या आग्रहानं १९६२ मध्ये ते बडोद्याला गेले आणि कलासमीक्षेचा अभ्यासक्रम केला. रीतसर चित्रकार म्हणून ते घडलेच नाहीत. पोटासाठी हिशेबनिसाची नोकरी पुढंही बरीच वर्षं चालू होती. सुरुवातीला त्यांनी देवादिकांच्या बाजारू छापील तसबिरी कापून कोलाज केले. मग १९७२ च्या सुमारास शिंपी, घड्याळजी, न्हावी आपापल्या दुकानांत बसलेले रंगवले. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ त्यातलंच. रंग भडक, आकृत्या जरा अवघडलेल्या. ज्या माणसांना गंभीर चित्रकलेत फारशी जागा नव्हती ती ही माणसं, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या धिटाईचं मूळ या दुकानांतच आहे.

१९७९ मध्ये ते इंग्लंडला राहून आले. तिथं प्रौढ पुरुषांमधले खासगी समलिंगी संबंध १९६७ पासून गुन्हा नव्हते आणि पुरुष जोडपी उघडपणे एकत्र राहत होती. इकडं असे संबंध गुन्हा ठरवणारं १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ कायम होतं. सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं ते थेट २०१८ मध्ये. परतल्यावर लवकरच आई गेली. घरच्यांना काय वाटेल हा धाक त्यानंतर सैल झाला असावा.

चित्रकलेचं वारंही तेव्हा अनुकूल होतं. १९८१ मध्येच ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत झालं. खक्कर आणि शेख यांच्यासोबत नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी आणि ठाण्याचे सुधीर पटवर्धन असे सहा जण त्यात होते. अमूर्त चित्रांचा दबदबा असताना माणूस, त्याचा परिसर आणि गोष्ट परत कॅनव्हासवर आणायची, हा त्यांचा रोख. एकाच चौकटीत अनेक प्रसंग मांडायची रीत आपल्या लघुचित्रांत होतीच, आणि इटलीतल्या सिएना शहराच्या जुन्या चित्रकारांवरही खक्कर यांचा जीव होता.

सज्ज्यातून ते लगेच खाली उतरले म्हणायचं. १९८२ च्या ‘टू मेन इन बनारस’मध्ये दोन विवस्त्र पुरुष मिठीत आहेत आणि भोवती काशीचा नित्याचा व्यवहार चालू आहे. खक्कर यांचे प्रेमिक देखणे नसतात. पोक्त, पिकल्या केसांचे, कुठल्याही कचेरीत दिसतील असे असतात. मला ही गोष्ट नग्नतेपेक्षा जास्त धीट वाटते.

‘यू कान्ट प्लीज ऑल’ १९९६ मध्ये लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात गेलं. खक्कर २००३ मध्ये वारले. २०१६ मध्ये टेट मॉडर्ननं याच नावानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राच्या समीक्षकानं त्यांना झोडपून काढलं आणि त्यावर जोरदार प्रत्युत्तरंही आली. त्या अवघडलेल्या आकृत्यांना कच्चेपणा समजणाऱ्यानं आधी १९७२ ची दुकानं बघायला हवी होती.