चूझेन्जी तलाव: बंदीपासून गर्दीपर्यंत

ऑक्टोबरात निक्कोच्या डोंगरात झाडं लाल-पिवळी झाली की चूझेन्जी तलावाकडे जाणाऱ्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. सगळ्या जपानला तिथे पोचायचं असतं. पण या तलावाचा बहुतेक इतिहास कोणाला तिथे येऊ द्यायचं नाही, याचाच आहे.

तलाव समुद्रसपाटीपासून १,२६९ मीटर उंचीवर आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी नानताई ज्वालामुखीच्या लाव्ह्याने नदीची वाट अडवली आणि पाणी साचलं. जास्तीचं पाणी केगोन धबधब्यावरून ९७ मीटर खाली पडतं. या कड्यामुळे खालच्या नदीतले मासे कधी वर चढू शकले नाहीत, त्यामुळे एवढा मोठा तलाव, पण त्यात मासा नव्हता.

माणसांच्या इतिहासात पहिलं नाव येतं शोदो या भिक्षूचं. आधीचे प्रयत्न फसल्यावर ७८२ साली तो २,४८६ मीटर उंचीच्या नानताईच्या माथ्यावर पोचला. ८१४ मध्ये कूकाई या थोर आचार्याने त्याच्याबद्दल लेख लिहिला, म्हणून ही हकिकत निव्वळ दंतकथा म्हणून सोडून देता येत नाही. तलावाकाठी शोदोने ७८४ मध्ये मंदिर स्थापलं, तेच चूझेन्जी. तिथली सहस्रभुज, अकरा मुखांची कान्नोन त्याने मुळासकट उभ्या झाडातच कोरली, अशी श्रद्धा आहे. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात त्याचं अकरा मस्तकांचं रूप ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही मूर्ती फार परकी वाटणार नाही.

डोंगरच देव ठरल्यावर नियम आलेच. स्त्रियांना वर यायची मनाई, गुराघोड्यांनाही. घोड्यावरून आलेल्याने पायथ्याशी उतरायचं; ती जागा आजही उमागाएशी, म्हणजे 'घोडे परत', याच नावाने ओळखली जाते. स्त्रियांनी वाटेतल्या एका छोट्या देवळातूनच हात जोडायचे. १८७२ मध्ये मेइजी सरकारने देवस्थानांतली स्त्रीबंदी उठवली, तोवर हजारेक वर्षं हे असंच चाललं.

त्यानंतर मात्र सगळं भराभर बदललं. त्याच दशकात तलावात मासे सोडायला सुरुवात झाली. ब्रिटिश मुत्सद्दी अर्नेस्ट सॅटोने १८७५ मध्ये निक्कोची मार्गदर्शक पुस्तिका काढली. १८९० मध्ये निक्कोपर्यंत रेल्वे आली. १८९६ मध्ये सॅटोने तलावाकाठी स्वतःचं घर बांधलं. टोकियोच्या उकाड्याला वैतागलेले इतर राजदूतही मागोमाग आले. उन्हाळ्यात परराष्ट्र खातंच निक्कोला जातं, असं लोक म्हणू लागले. सिमल्याला सरकार हलवणाऱ्या साहेबांची सवय इथेही सुटली नाही म्हणायची! १९२५ मध्ये हान्स हंटर या अर्ध्या जपानी, अर्ध्या ब्रिटिश उद्योजकाने इथे मासेमारीचा खास क्लब काढला. जिथे मुळात मासाच नव्हता, तिथे ट्राउट पकडणं हा उच्चभ्रूंचा खेळ झाला. बंदी गेली होती, पण तलाव सगळ्यांचा झाला होता, असं म्हणणं जरा घाईचं ठरेल.

मूळ मंदिरही आता मूळ जागी नाही. १९०२ च्या वादळात नानताईची दरड कोसळली आणि ते उद्ध्वस्त झालं. कान्नोनची मूर्ती तलावात वाहून गेली आणि तरंगत काठाला लागली, असं सांगतात. मग पूर्वेच्या काठावर मंदिर नव्याने उभं राहिलं.

सर्वसामान्यांसाठी तलाव खऱ्या अर्थाने उघडला तो मोटाररस्त्याने. १९३४ मध्ये निक्को राष्ट्रीय उद्यान झालं, १९५४ मध्ये इरोहाझाका घाटाचा पहिला मोटाररस्ता आणि १९६५ मध्ये दुसरा. आता दुसऱ्याने चढायचं, पहिल्याने उतरायचं. दोन्ही मिळून ४८ वळणं, आणि प्रत्येकाला जुन्या जपानी वर्णमालेतलं एकेक अक्षर. तलावाच्या तोंडाशी बंधारा बांधल्यापासून केगोनवरून किती पाणी सोडायचं, तेही माणूसच ठरवतो. फोटो काढताना हे कोणी फारसं लक्षात घेत नाही.

२०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर इथल्या ट्राउटमध्ये किरणोत्सारी सीझियम सापडलं आणि मासे घरी नेण्यावर निर्बंध आले. पुढे ते टप्प्याटप्प्याने सैल झाले. वकिलातींची घरं मात्र आता सर्वांना खुली आहेत. इटलीच्या वकिलातीचं १९२८ चं, देवदाराच्या सालींनी मढवलेलं घर आधी खुलं झालं, आणि सॅटोने बांधलेलं, पुढे ब्रिटिश वकिलातीकडे गेलेलं घर २०१६ मध्ये. तिकीट काढून कोणीही वरच्या व्हरांड्यात चहा प्यायला बसू शकतं.