‘युरोपात खेळला’ म्हणजे नेमके कोठे?

अमेरिकन फुटबॉलमधील एखाद्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूची, माहिती वाचताना ‘कॉलेज संपल्यावर तो युरोपात फ्रँकफर्ट गॅलक्सीकडून खेळला’ असे वाक्य समोर आले, तर सर्वप्रथम साल पाहावे. ते १९९९ असेल तर त्या वाक्याचा अर्थ एक होतो आणि २०२१ असेल तर अगदी निराळा होतो. संघाचे नाव तेच, शहर तेच, खेळही तोच. तरीही हे दोन संघ दोन वेगळ्या लीगमधले आहेत आणि त्या दोन लीगनी क्वार्टरबॅककडून मागितलेले काम मुळातच वेगळे आहे. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेक खेळाडूंच्या वाट्याला चुकीचे मोजमाप येते, म्हणून तो नीट मांडावासा वाटतो.

पहिली लीग म्हणजे एनएफएल युरोप, एनएफएल या अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक फुटबॉल लीगची युरोपीय शाखा. ती १९९१ मध्ये ‘वर्ल्ड लीग’ या नावाने सुरू झाली, तेव्हा तिच्या दहा संघांपैकी लंडन, बार्सिलोना आणि फ्रँकफर्ट असे तीनच संघ युरोपातले होते. १९९२ च्या हंगामानंतर ती थांबली, १९९५ मध्ये सहा युरोपीय संघांसह पुन्हा उभी राहिली, १९९८ मध्ये तिला एनएफएल युरोप हे नाव मिळाले आणि जून २००७ मध्ये ती कायमची बंद झाली. दुसरी म्हणजे युरोपियन लीग ऑफ फुटबॉल, जिचा पहिला हंगाम २०२१ च्या जूनमध्ये आठ संघांनिशी सुरू झाला. तिने फ्रँकफर्ट गॅलक्सी, हॅम्बुर्ग सी डेव्हिल्स, बर्लिन थंडर, कलोन सेंच्युरियन्स आणि बार्सिलोना ड्रॅगन्स ही जुनी नावे एनएफएलशी करार करून घेतली. पुढच्या वर्षी ऱ्हाइन फायर हे नावही परत आले. प्रेक्षकांच्या जुन्या आठवणी जाग्या व्हाव्यात हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, पण सगळा गोंधळही तेथूनच सुरू झाला.

एनएफएल युरोपमध्ये क्वार्टरबॅक कशासाठी जात असे, हे कर्ट वॉर्नर यांच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कोणत्याही उदाहरणावरून होत नाही. आयोवा राज्यात वाढलेले वॉर्नर नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाच्या संघात होते आणि तेथे सुरुवातीपासून खेळण्याची संधी त्यांना शेवटच्या वर्षी, म्हणजे १९९३ मध्येच मिळाली. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधील खेळाडूंच्या एनएफएलमधील निवडीत, त्यांना कोणी निवडले नाही; एनएफएलमधील ग्रीन बे पॅकर्सने सराव शिबिराला बोलावले आणि हंगामापूर्वीच सोडून दिले. त्यानंतर सीडर फॉल्स येथील एका किराणा दुकानात ताशी साडेपाच डॉलरवर फळ्यांवर माल लावण्याचे काम त्यांनी केले आणि १९९५ पासून तीन हंगाम आयोवा बार्नस्टॉर्मर्स या संघाकडून छताखाली, आखूड मैदानावर खेळला जाणारा अरीना फुटबॉल खेळले. ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सचे प्रशिक्षक अल लुगिनबिल यांना ते आपल्या संघात हवे होते, पण एनएफएलमधील एखादा संघ आपल्याशी करार करत नसेल तर युरोपात जायचे नाही, अशी वॉर्नर यांची अट होती. शेवटी एनएफएलमधील सेंट लुईस रॅम्सने करार केला आणि त्यांना १९९८ च्या वसंतात ॲमस्टरडॅमला पाठवले. त्या दहा सामन्यांच्या हंगामात त्यांनी २,१०१ यार्डांचे पास आणि १५ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले, आणि दोन्ही आकडे लीगमध्ये सर्वाधिक ठरले.

वॉर्नर यांच्या त्या अटीतच एनएफएल युरोपचे सगळे स्वरूप सामावलेले आहे. तेथील नोकरी ही खरी नोकरी नव्हती, तर अमेरिकेतील संघाने दिलेली उमेदवारी होती. लीगचे वेळापत्रकही त्याच हिशेबाने बसवलेले होते: सामने एप्रिल ते जून आणि जुलैमध्ये खेळाडू आपल्या मूळ संघाच्या शिबिरात हजर. मूळ संघाला आपल्या माणसाचा सराव व्हावा असे वाटत असल्याने कधीकधी एकाच संघात दोन क्वार्टरबॅकना आळीपाळीने खेळवावे लागे. ॲमस्टरडॅममध्ये वॉर्नर यांच्यामागे राखीव असलेले जेक डेलोम पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टकडून पॅट बार्न्स यांच्यासोबत अशीच जबाबदारी वाटून खेळले आणि त्या संघाने १९९९ चा वर्ल्ड बोल, म्हणजे या लीगचा अंतिम सामना, जिंकला. याच डेलोम यांनी २००३ च्या हंगामात कॅरोलायना पँथर्सला सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेले.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण वॉर्नर यांची कथा सांगताना ती बहुधा गाळली जाते. ॲमस्टरडॅमहून परतल्यावर त्यांच्यासाठी कोणतेही दार आपोआप उघडले नाही. १९९८ मध्ये ते रॅम्सचे तिसऱ्या क्रमांकाचे क्वार्टरबॅक होते, आणि १९९९ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या क्लीव्हलँडच्या संघाला इतर संघांतून खेळाडू निवडण्याची मुभा मिळाली तेव्हा रॅम्सने त्यांना खुशाल निवडीसाठी मोकळे ठेवले. क्लीव्हलँडनेही त्यांना घेतले नाही. पुढे ऑगस्टमध्ये रॅम्सचे मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन यांच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि जागा रिकामी झाली. त्या हंगामात वॉर्नर यांनी ४१ टचडाउन पास दिले आणि टेनेसीविरुद्धचा सुपर बोल २३–१६ असा जिंकून दिला. ॲमस्टरडॅमने त्यांना तयार केले हे खरे. संधी मात्र दुसऱ्याच्या दुखापतीने मिळाली.

आता नव्या लीगकडे पाहू. पहिल्या हंगामांत तिचे सामने जूनमध्ये सुरू होत आणि अंतिम सामना सप्टेंबरमध्ये होई, म्हणजे जुलै-ऑगस्टमधील एनएफएलच्या शिबिरांच्या ऐन काळात तिचा हंगाम रंगात आलेला असे. जो क्वार्टरबॅक येथे सही करतो तो त्या वर्षापुरता अमेरिकेतील शिबिराचा विचार बाजूला ठेवूनच करतो. त्याला कोणी पाठवलेले नसते, परत बोलावणारेही कोणी नसते. दोन लीगमधला फरक एका वाक्यात कोणी विचारला, तर मी हे कॅलेंडरच पुढे करीन.

दुसरा फरक संघाच्या घडणीतला आहे आणि तो पहिल्यापेक्षाही रंजक आहे. एनएफएल युरोपमध्ये बहुसंख्य खेळाडू अमेरिकी असत आणि स्थानिक खेळाडूंना मैदानावर जागा मिळावी म्हणून नियम करावा लागला होता. नव्या लीगमध्ये हेच चित्र उलटे झाले: संघ युरोपीय खेळाडूंचा, आणि मर्यादा अमेरिकी खेळाडूंवर. सुरुवातीच्या नियमांनुसार मैदानावर एका वेळी दोनच अमेरिकी असू शकत. त्या दोनपैकी एक जागा बहुतेक प्रशिक्षक क्वार्टरबॅकसाठी राखतात, कारण लहानपणापासून हजारो वेळा समोरच्या संघाच्या बचावाची मांडणी ओळखून चेंडू टाकलेला मुलगा युरोपात सहज तयार होत नाही. त्यामुळे या क्वार्टरबॅकची भूमिका शिकाऊ खेळाडूची राहत नाही. ज्याच्या भरवशावर सगळा संघ उभा आहे असा तो मानकरी ठरतो. संघातील अनेक सहकारी दिवसा नोकरी किंवा शिक्षण सांभाळून संध्याकाळी सरावाला येतात, आणि त्यांना पासचे मार्ग समजावून सांगण्याचे कामही त्याच्याकडेच येते.

मराठी वाचकाला ही भूमिका क्रिकेटमुळे परकी वाटू नये. इंग्लंडमधील लँकेशायर लीग या क्लब क्रिकेट स्पर्धेत प्रत्येक क्लबाला एकच व्यावसायिक खेळाडू ठेवता येत असे. सांगलीचे विजय हजारे रॉटनस्टॉलकडून आणि मुंबईचे सुभाष गुप्ते रिश्टनकडून असेच खेळले. बाकीचे दहा जण गावातले हौशी, आणि शनिवारी गर्दी जमायची ती त्या एका पाहुण्याचा खेळ पाहायला. नव्या युरोपीय लीगमधील अमेरिकी क्वार्टरबॅक या परंपरेच्या जवळचा आहे, वॉर्नर यांच्या वाटेवरचा नव्हे.

म्हणूनच त्याच्याबद्दल ‘एनएफएलमध्ये जमले नाही म्हणून युरोपात गेला’ असे लिहिले जाते तेव्हा मला ते अन्यायाचे वाटते. मिनेसोटातील सेंट जॉन्स विद्यापीठाचे जॅक्सन अर्डमन यांचे उदाहरण घ्या. हे विद्यापीठ कॉलेज फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या संस्थांमध्ये मोडते. त्या श्रेणीतील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा गॅग्लियार्डी पुरस्कार त्यांनी २०१८ मध्ये मिळवला. एनएफएलच्या मैदानावर ते कधी उतरले नाहीत. २०२२ मध्ये ते व्हिएन्ना व्हायकिंग्जचे क्वार्टरबॅक होते आणि सप्टेंबरमध्ये क्लागेनफुर्ट येथे झालेल्या अंतिम सामन्यात त्या संघाने हॅम्बुर्गला २७–१५ असे हरवून विजेतेपद पटकावले. व्हिएन्नाच्या संघाचा तो लीगमधला पहिलाच हंगाम होता.