‘दमास्कसची काच’: एका नावाचा गुंता

मीनाकाम आणि सोनेरी नक्षीच्या मामलूक काचेला, म्हणजे इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या मामलूक सुलतानांच्या काळातील काचेला, सर्रास ‘दमास्कसची’ म्हटले जाते. हे नाव युरोपातून आले. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या राजवाड्यातील वस्तूंच्या यादीत ‘दमास्कस पद्धतीची’ भांडी नोंदलेली आहेत. ती नोंद घडणीची होती, पण पुढे तीच भट्टीचा पत्ता ठरली.

खरा घोळ १९२९-३० मध्ये झाला. तेव्हाच्या अशा काचेच्या एका मोठ्या सूचीने सीरियातील रक्का, अलेप्पो, दमास्कस आणि इजिप्तमधील फुस्तात (जुने कैरो) असे गट पाडले, तेही बव्हंशी नक्षीच्या वळणावरून. सूची मेहनतीची होती यात शंका नाही, पण त्या गावांत हीच काच रंगवली जात होती असा भट्टीचा पुरावा त्यामागे नव्हता. तरीही संग्रहालयांच्या पाट्यांवर हीच नावे कित्येक दशके टिकली. वस्तूवर लिहिलेल्या मजकुरातूनही जागा ठरत नाही. कैरोत १३५६ ते १३६३ दरम्यान उभ्या राहिलेल्या सुलतान हसनच्या मशिदी-मदरशातील दिव्यांवर सुलतानाचे नाव आहे. त्यावरून दिवा कुणी करवून घेतला ते कळते, कुठे घडला ते नाही. इजिप्त आणि सीरिया दोन्हीकडे वनस्पतींच्या राखेचा सोडा वापरत, त्यामुळे काचेचे रसायनही सहज निकाल देत नाही. ‘इजिप्त किंवा सीरिया’ एवढीच पाटी प्रामाणिक आहे.

कामाची रीत मात्र खुद्द भांड्यावर वाचता येते. रंगीत काचेची पूड चिकट द्रवात कालवून कुंचल्याने लावत. तांबडा लोहाच्या ऑक्साइडचा, पांढऱ्यासाठी कथील, आणि निळ्यासाठी अनेकदा दळलेला लाजवर्द हा निळा दगड. मग भांडे सळईवर धरून भट्टीच्या तोंडाशी फिरवत. उष्णता कमी पडली तर मीना पकडत नाही. जास्त झाली तर भांडेच मऊ होऊन बसते. सोन्याचा थर फार पातळ असल्याने आज पुष्कळदा तो घासला गेलेला दिसतो, आणि त्याभोवतीच्या तांबड्या रेघा तेवढ्या उरतात.

१४०१ मध्ये तैमूरने दमास्कस लुटले, कारागीर समरकंदला नेले. पंधराव्या शतकात हे काम झपाट्याने आटले. १५६९ मध्ये उस्मानी वजिराने मशिदींचे दिवे थेट व्हेनिसकडून मागवले. पुढे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच काचकाराने मामलूक दिव्यांच्या धर्तीवर केलेले मीनाकाम मांडले आणि अशा कामाची मागणी वाढली. जुना नग आणि नवी प्रतिकृती यांतला फरक शोधताना निळा रंग भिंगाखाली पाहावा: लाजवर्दाचे खडबडीत कण वेगवेगळे दिसतात, कोबाल्टचा निळा काचेत एकसारखा विरघळलेला असतो. मात्र कोबाल्ट जुन्या कामातही आढळतो, म्हणून कण न दिसणे हा नकलेचा पुरावा नव्हे.