नक्षीदार वनौषधी साबण

तेल आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, खाण्याचा सोडा नव्हे) यांपासून घरी केलेला, वनस्पतींची पूड किंवा काढा घातलेला आणि वडीवर उठावाची नक्षी उमटवलेला अंघोळीचा साबण. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उटण्याशेजारी सुगंधी साबणाची नवी वडी ठेवायची रीत कोल्हापुरातही आहे. थंड पद्धतीचा, म्हणजे मिश्रण न शिजवता केलेला साबण मुरायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणजे दिवाळीचा घाणा घटस्थापनेच्या आधीच पडायला हवा. त्या दिवसांत इथली हवा अजून दमट असते. साबणातले ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते आणि वड्यांना घाम फुटतो. त्यामुळे त्या एकमेकींना न चिकटवता, जाळीवर, वारा खेळेल अशा खोलीत मांडाव्या लागतात.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘वनौषधी’ म्हणजे कॉस्टिक सोडा न वापरलेला साबण, असे बऱ्याच जणांना वाटते. तसा साबण नसतो. तेल आणि सोडा यांची अभिक्रिया होऊनच साबण आणि ग्लिसरीन तयार होतात. प्रमाण बरोबर असेल तर तयार वडीत मोकळा सोडा उरत नाही. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस त्यांच्यातल्या सॅपोनिन या नैसर्गिक द्रव्यामुळे येतो. ती वेगळी गोष्ट आहे. ग्लिसरीन बेस, म्हणजे बाजारात मिळणारा तयार साबणाचा ठोकळा वितळवून त्यात पूड मिसळणे हा सोपा मार्ग आहे. त्यात सोडा हाताळावा लागत नाही, म्हणून मुलांसोबत करायचे असेल तर तोच निवडावा.

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. १ ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३७ आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम. खोबरेल ३०० ग्रॅम, घाण्याचे शेंगदाणा तेल १५० आणि एरंडेल ५० घेतले, तर हिशेब सुमारे ८२ ग्रॅमवर जातो. प्रत्यक्षात ७७ ग्रॅमच घालतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि कातडी कोरडी पडत नाही. पाणी १६० ग्रॅम. हे सगळे वजन काट्यावरच करायचे, वाटी-चमच्याने नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही, कारण ते उसळते. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी यांना पर्याय नाही. सोड्याचा थेंब अंगावर उडाला तर निदान १५-२० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे.

अॅल्युमिनियमचे पातेले वर्ज्य, कारण सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. गणपतीच्या दिवसांत घरोघरी निघणारा अॅल्युमिनियमचा मोदकाचा साचा म्हणूनच इथे चालत नाही. प्लॅस्टिकचा किंवा सिलिकॉनचा चालतो, पण तो पुन्हा मोदकाला वापरू नये.

वनस्पतींचा रंग सोड्यात बदलतो, हा या कामातला सर्वांत रंजक भाग आहे. हळद घातली की मिश्रण लालसर होते. हळदीला चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ लावून कुंकू करतात, त्यातलेच हे रसायन. अंबाबाईच्या देवळाबाहेर कुंकवाच्या राशी रोज पाहणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. वडी मुरत जाईल तसा रंग पिवळ्या-नारिंगीकडे परततो आणि उन्हात ठेवली तर विटतो. कडुनिंबाचा हिरवा हळूहळू तपकिरी होतो. रतनज्योतीचा तेलात उतरलेला लाल रंग जांभळा-निळा होतो, तर मंजिष्ठा गुलाबी छटा देते. वाळा आणि नागरमोथा यांच्या पुडीचा वास सोड्यातून फारसा टिकत नाही. कोणत्याही वनस्पतीची पूड सुकवून, वस्त्रगाळ करून घालावी. नुसती चहाच्या गाळणीने चाळलेली भरड कातडीला टोचते. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा चमचाभर चुरा पाण्यात आधी विरघळवला तर फेस वाढतो, पण मिश्रण लवकर तापते, म्हणून साचा गुंडाळून ठेवू नये.

नक्षीचे सगळे कसब वेळ ओळखण्यात आहे. सोड्याचे पाणी तेलात ओतून ब्लेंडरने घोटलेल्या मिश्रणावर चमच्याने ओढलेली रेघ क्षणभर तशीच दिसली, की ते साच्यात ओतायच्या बेताला आले. आणखी घट्ट झाले की चमच्याच्या पाठीने वर लाटा उठवता येतात. साच्याच्या तळाशी पॅकिंगचे बुडबुड्यांचे प्लॅस्टिक अंथरले तर मधाच्या पोळ्यासारखी खोलगट जाळी उमटते. पण ते सोलायची घाई केली तर कडा फाटतात. दोन दिवसांनी काढावे.

शिक्का मारायचा तर १८ ते २४ तासांनी वडी कापून, ती पेढ्याइतकी घट्ट असताना मारावा. बोट दाबले तर ठसा उमटतो पण बोटाला काही लागत नाही, हीच खूण. आधी मारला तर साबण चिकटतो, उशिरा मारला तर वडीला तडा जातो. क्रोशाची लेस थेट लावू नये, धागे अडकतात. मध्ये पातळ प्लॅस्टिक ठेवून लाटण्याने दाबावी. सर्वांत सुंदर दिसतो तो कोल्हापुरी चपलेच्या वेणीचा ठसा, असे मला वाटते. त्यासाठी तीन दोऱ्यांची घट्ट वेणी घालून तिचा सिलिकॉनमध्ये साचा घेतात. खोबणीत मंजिष्ठेची पूड बोटाने भरून वरची फडक्याने पुसली, की वेणी कातडी पट्ट्यासारखी उठून येते.

बचत गटाने हा साबण विकायचा असेल, तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. तो महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन देते. वेष्टनावर ‘केमिकल नाही’ असे छापू नये. सोडा वापरलेला असतो आणि ग्राहकाला ते कळले पाहिजे.

वापरताना वडी भोके असलेल्या साबणदाणीत ठेवावी. उथळ नक्षी काही अंघोळींतच पुसते. वेणीचा खोल ठसा अर्धी वडी झिजेपर्यंत बोटांना लागत राहतो.