टोइंगची जुनी गाडी विकताय? नाव ट्रान्सफर कुठे अडतं ते आधी बघा

टोइंगच्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं, पण आरटीओत फाइल परत येते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: आरसीतली (नोंदणी प्रमाणपत्रातली) गाडी वेगळी आणि दारात उभी असलेली वेगळी.

मूळ गाडी टाटा ४०७ किंवा आयशर, नोंद मालवाहू, बॉडी 'ओपन'. पुढे गॅरेजमध्ये फाळके (बाजूच्या फळ्या) काढून बूम (गाडी उचलायचा दांडा) आणि विंच (दोर ओढायचं यंत्र) बसवला, आरसी मात्र तशीच राहिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीने करून आरसीवर चढवावा लागतो. तो राहिला असेल तर बॉडी बिल्डरचा दाखला आणि रिकाम्या गाडीची वजनकाट्यावरची पावती घेऊन आधी तेवढंच काम उरका. नोंद होताना शब्द स्वतः वाचा. केंद्राच्या वाहनप्रकारांच्या यादीत टो ट्रक आणि रिकव्हरी व्हॅन वेगळी आणि क्रेन बसवलेलं वाहन वेगळं. बोलताना आपण दोन्हींना क्रेनच म्हणतो, पण कर, फिटनेस आणि विमा त्या एका शब्दावर ठरतात. परमिटचंही तसंच. फक्त बंद पडलेली वाहनं ओढण्यासाठी असलेल्या गाडीला कलम ६६ मध्ये सूट आहे. आरसीत ती मालवाहू असेल, तर ही सूट सांगून उपयोग होत नाही.

दुसरी अडचण चेसिस नंबरची. पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घेतलेला ठसा) स्वच्छ लागते, आणि या गाड्यांत नंबरावर रंगाचे चार थर, ग्रीस आणि गंज बसलेला असतो. कधी बूमचा ब्रॅकेटच त्यावर वेल्ड केलेला निघतो. रॉकेलचं फडकं आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन हळूहळू साफ करा. ग्राइंडर अजिबात लावू नका. एक आकडा जरी घासला गेला तरी नंबरात छेडछाड केल्याचा संशय येतो आणि पुढचे कित्येक महिने खुलासे देण्यात जातात.

कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, आपोआप उतरत नाही. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी दोन्ही लागतात. आरसीवर देना बँक किंवा विजया बँक असेल, तर त्या १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आहेत, कागद तिथूनच मिळेल. ओटीपीसाठी 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवर कोणाचा मोबाइल नंबर आहे तेही तपासा. जुन्या गाड्यांना सर्रास एजंटाचा असतो. गाडी पोर्टलवर दिसतच नसेल, तर आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी माहिती पोर्टलवर चढवून, घ्यावी लागते.

कर, पीयूसी, विमा चालू ठेवा. ई-चलनं भरून टाका. आठ वर्षांवरच्या परिवहन वाहनाला पर्यावरण कर लागतो आणि फिटनेस दरवर्षी करावं लागतं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाट्या नसतील तर महाराष्ट्रात ट्रान्सफर होत नाही.

अर्ज म्हणजे फॉर्म २९ (विक्रीची सूचना) च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० (नाव ट्रान्सफरचा अर्ज). परराज्यातलं गिऱ्हाईक असेल तर फॉर्म २८ ची एनओसी.

मुदतीत मात्र लोक हमखास फसतात. अर्ज करायला ३० दिवस घेणाऱ्याला आहेत. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, परराज्यात विकली तर ४५ दिवस. कोऱ्या टीटी (ट्रान्सफरच्या) फॉर्मवर सही करून गाडी दिली की सुटलो, हा समज फार महागात पडतो. अपघाताच्या भरपाईत आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि टोइंगची गाडी दिवसभर रस्त्यावर, दुसऱ्याची गाडी हुकाला लावून फिरते, म्हणजे धोका दुप्पट. गाडी ताब्यात देताना तारीख आणि वेळ लिहून पावती घ्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, फॉर्म २९ ची पोच जपा. ठरलेल्या रकमेतला काही भाग ट्रान्सफरशी बांधायचा असेल, तर तेही त्या पावतीवरच लिहा. १४ दिवसांच्या आत घेणाऱ्याने विमा कंपनीलाही कळवायचं असतं, त्याला आठवण करा. 'वाहन'वर नवं नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला गाडीचा नंबर टाकून बघत राहा.